वनस्पतींचे पहारेकरी आणि माणसाचें वावडें

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यांत, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वारणानगर वसलेलें आहे. सह्याद्रींतून निघून सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेला मिळणाऱ्या वारणेचें हें खोरें उंसाचें म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील उभ्या उंसाचें पाचट बाजूला सारून कांड्यावरून बोट फिरविलें, तर बोटाला एक पांढुरकी भुकटी लागते. सांध्याच्या खालच्या बाजूस तर तिचा स्पष्ट पट्टाच दिसतो. ही रस्त्यावरची धूळ नव्हे. उंसानें स्वतःच्या अंगावर चढविलेलें तें मेण आहे. उंसाबरोबर तें कारखान्यांत जातें, आणि रस गाळल्यावर जो काळपट गाळ मागें राहतो, ज्याला कारखान्याचे लोक प्रेसमड म्हणतात, त्यांत तें पुन्हा सांपडतें.

ऊंसच असें मेण बाळगतो असें मात्र नाहीं. तासगांवच्या द्राक्षांवरचा बोटानें पुसला जाणारा धूसर थर, कृष्णाकांठच्या वांग्यांची चकाकी, कोबीच्या पानावरून पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो तो गुण, हीं सारीं एकाच गोष्टीचीं रूपें आहेत. वनस्पतीला उन्हांत वाळूं न देणारें आणि बुरशीला आंत शिरूं न देणारें हें तिचें मेणकापड होय.

परंतु येथें एक साधा प्रश्न उभा राहतो. मेण तयार होतें तें सालीच्या पेशींच्या आंत. लागतें तें मात्र बाहेर, अगदीं पृष्ठभागावर. मध्यें पेशीची भिंत आहे, आणि ती भिंत पाण्यानें भिजलेली असते. मेण तर पाण्यांत विरघळत नाहीं. मग तें पलीकडे पोंचतें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां शास्त्रज्ञ अशा एका प्रथिनापाशीं येऊन पोंचले, कीं जें वनस्पतीच्या घरीं हमाल आहे, पहारेकरी आहे, आणि कांहीं माणसांच्या शरीरांत गेल्यावर मात्र मोठा अनर्थ करूं शकतें. त्याला शास्त्रीय भाषेंत लिपिड ट्रान्स्फर प्रोटीन असें म्हणतात. लिपिड म्हणजे तेल, तूप, मेण यांच्या जातीचे स्निग्ध पदार्थ. तेव्हां मराठींत त्याला स्निग्धवाहक प्रथिन म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रथिनाची घडण

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. शरीरांतील पुष्कळशा प्रथिनांच्या माळेंत कित्येक शेंकडा मणी असतात. स्निग्धवाहक प्रथिन त्या मानानें अगदींच लहान. त्याच्या एका प्रकारांत नव्वद-पंचाण्णव मणी, तर दुसऱ्या प्रकारांत सत्तरच्या आसपास. पण या लहान माळेची गुंफण विलक्षण आहे. तिच्यांत सिस्टीन नांवाचे, गंधक धारण करणारे आठ मणी ठराविक जागीं असतात. त्यांच्या जोड्या एकमेकींशीं बांधल्या जाऊन गंधकाचे चार टांके पडतात. या चार टांक्यांनीं सारी माळ इतकी घट्ट शिवली जाते कीं, तिच्या वळ्या सहसा उलगडत नाहींत. आणि या वळ्यांच्या मधोमध एक पोकळ बोगदा राहतो. त्याच्या आंतल्या भिंती पाण्याचा द्वेष करणाऱ्या, स्निग्धाशीं सख्य असणाऱ्या आहेत. तेव्हां बाहेरून पाण्यांत सहज वावरणारें आणि पोटांत तेलाचा अंश लपवून नेणारें असें हें प्रथिन आहे. मेणाचा एखादा रेणु पाण्यांतून न्यावयाचा, तर याहून सोयीची डोली मिळणें कठीण.

हीच घडण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे; कारण पुढची सारी कथा, त्यांतला उपकार आणि अपकार दोन्ही, या चार टांक्यांतून निघतात.

नांव एक, काम दुसरें

या प्रथिनाचा शोध लागला तो बटाट्यांत. १९७५ सालीं फ्रान्समधील ज्याँ-क्लोद कादेर यांनीं बटाट्याच्या कंदांतून कांहीं प्रथिनें वेगळीं काढलीं. परीक्षानळींत या प्रथिनांच्या सान्निध्यांत पेशीच्या एका भागांतील स्निग्ध रेणु दुसऱ्या भागांत जातात, असें त्यांना आढळलें. त्यावरून असा तर्क झाला कीं, पेशीच्या आंत या खोलींतून त्या खोलींत स्निग्ध पदार्थांची ने-आण करण्याचें काम यांच्याकडे असावें. आणि त्यावरूनच पुढें हें नांव रूढ झालें. पुढें पालक, मका, एरंड, गहूं, जव अशा नाना वनस्पतींत याच जातीचीं प्रथिनें सांपडत गेलीं.

परंतु १९९१ च्या सुमारास एक अडचण उत्पन्न झाली. या प्रथिनाच्या आरंभीं एक लहानसा तुकडा असतो, आणि तो म्हणजे जणूं पाकिटावरचा पत्ता होय. तो पत्ता सांगतो, “हें प्रथिन पेशीच्या बाहेर पाठवावें.” गाजराच्या पेशींवरील प्रयोगांतही हें प्रथिन पेशीबाहेर टाकलें जातें असें दिसलें. जो हमाल घराच्या आंत कधीं थांबतच नाहीं, तो या खोलींतून त्या खोलींत सामान नेईल कसा? नांव तेंच राहिलें, पण कामाविषयींचा तर्क बदलावा लागला. हें प्रथिन घराच्या आंतलें नसून कुंपणाजवळचें आहे, हें एकदां पटल्यावर दोन नव्या दिशांनीं शोध सुरू झाला. एक दिशा मेणाची, आणि दुसरी शत्रूंची.

मेणाच्या दिशेनें लवकरच पुरावे मिळाले. ब्रोकोली नांवाच्या कोबीच्या भावंडाच्या पानावरील मेण खरवडून पाहिलें, तेव्हां त्यांतील मुख्य प्रथिन याच कुळांतलें निघालें. पुढें २००९ सालीं अरॅबिडॉप्सिस नांवाच्या एका लहान रोपांत, जें प्रयोगशाळांतून फार वापरलें जातें, या कुळांतील एक प्रथिन बिघडविलें असतां खोडावरील मेणाच्या घडणींत फरक पडतो असें आढळलें. म्हणजे मेणकापड विणण्यांत या कुळाचा हात आहे, ही गोष्ट खरी ठरली.

कुंपणावरचा पहारा

दुसरी दिशा अधिक चमत्कारिक निघाली. १९९३ सालीं माद्रिद येथील गार्सिया-ओल्मेदो यांच्या प्रयोगशाळेंत जव आणि मका यांच्या स्निग्धवाहक प्रथिनांचा रोगकारक जंतु व बुरशी यांच्याशीं सामना लावण्यांत आला. प्रथिनानें त्यांची वाढ रोखली. त्यानंतर दोन वर्षांनीं बेल्जममधील लूवेन येथें कांद्याच्या बियांतून याच कुळांतलें एक प्रथिन मिळालें. बुरशीविरुद्ध तें तर फारच प्रखर ठरलें. गंमतीची गोष्ट अशी कीं, या कांद्याच्या प्रथिनाचा आंतला बोगदा बुजलेला आहे. स्निग्ध पदार्थ वाहून नेण्याचें काम त्याला मुळींच जमत नाहीं. म्हणजे कुळ हमालांचें, पण हा वंशज केवळ शिपाईगिरी करणारा. हीं प्रथिनें शत्रूच्या पेशीच्या पातळ आवरणाला बिलगतात व तें गळकें करतात, असें सामान्यतः मानलें जातें.

वनस्पतीला पळतां येत नाहीं, आणि रक्तांत फिरणारे सैनिक तिच्याजवळ नाहींत. तेव्हां तिचा बचाव जागच्या जागींच व्हावा लागतो. तरीही ती शत्रूची वार्ता सर्व अंगभर पोंचवूं शकते, हें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत फ्रँक रॉस यांनीं १९६१ सालीं तंबाखूच्या रोपांवर दाखविलें. तंबाखूच्या खालच्या एका पानाला विषाणूची लागण केली, तर कांहीं दिवसांनीं वरचीं, निरोगी पानेंही त्या रोगाला अधिक धैर्यानें तोंड देऊं लागतात. गांवाच्या वेशीवर चोर आल्याची बातमी सगळ्या वाड्यांना लागावी, तसाच हा प्रकार. मग ही बातमी नेतो कोण? २००२ सालीं अरॅबिडॉप्सिसचें एक असें वाण मिळालें कीं, त्याच्या लागण झालेल्या पानांत बचाव नीट होतो, पण वरच्या पानांना कांहींच कळत नाहीं. शोध करतां असें दिसलें कीं, त्या वाणांत ज्या एका प्रथिनाचें जनुक बिघडलें होतें, तें स्निग्धवाहक प्रथिनांच्याच कुळांतलें होतें. जो हमाल, तोच शिपाई; आणि त्याच घराण्यांत एक जासूदही निघाला.

उंसाच्या बाबतींतही हें कुळ स्वस्थ बसलेलें नाहीं. दुष्काळ किंवा थंडी यांसारख्या आपत्तींत, त्याचप्रमाणें संकटाची सूचना देणाऱ्या वनस्पतींच्या संप्रेरकांचा प्रयोग केला असतां, उंसांतील या जातीचें एक जनुक जागें होतें, असें चीनमधील संशोधकांनीं नोंदविलें आहे. वारणेच्या खोऱ्यांतल्या ज्या शेतकऱ्याला काणी, लाल कूज अशा रोगांशीं झगडावें लागतें, त्याला आपल्या शेतांत असा मूक पहारा चालू आहे हें ऐकून समाधान वाटेल.

पाहुणा जेव्हां शत्रु ठरतो

येथवर हें प्रथिन केवळ उपकारक दिसतें. परंतु ज्या चार टांक्यांनीं तें बुरशीच्या पाचक रसांपुढें टिकतें, त्याच टांक्यांनीं तें माणसाच्या पोटांतल्या पाचक रसांपुढेंही टिकतें. सामान्य प्रथिन शिजवलें कीं त्याच्या वळ्या उलगडतात, आणि जठरांतील पेप्सिन त्याचे सहज तुकडे करतें. स्निग्धवाहक प्रथिन उकळूनही बव्हंशीं आपलें रूप सोडीत नाहीं. पेप्सिनही त्याचें फारसें वांकडें करूं शकत नाहीं. म्हणून तें आंतड्यापर्यंत सगुण-साकार पोंचतें, आणि तेथें त्याची गांठ शरीराच्या संरक्षक यंत्रणेशीं पडते.

बहुसंख्य लोकांत या भेटींतून कांहींच निष्पन्न होत नाहीं. कोट्यवधि माणसें रोज हें प्रथिन खातात आणि पचवितात. पण थोड्यांच्या शरीराला तें शत्रु वाटतें. मराठींत अशा स्थितीला वावडें असा फार नेमका शब्द आहे. वैद्यकांत तिला ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रचारांत आणला. वावडें असणाऱ्याच्या रक्तांत एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार होतें. तें १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्यानें अमेरिकेंत आणि योहान्सन व बेनिख यांनीं स्वीडनमध्यें स्वतंत्रपणें शोधलें, आणि त्यास आयजीई असें नांव मिळालें. हें प्रतिद्रव्य त्वचेंत, नाकांत, आंतड्यांत बसलेल्या मास्ट नांवाच्या पेशींच्या अंगावर चिकटून वाट पाहत राहतें. ओळखीचें प्रथिन पुन्हा आलें कीं या पेशी फुटल्यासारख्या आपला सांठा ओततात. त्या सांठ्यांतील हिस्टॅमिन वगैरे द्रव्यांमुळें तोंडाला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, ओंठ व डोळे सुजतात, पोटांत कळ येते. आणि प्रकरण हाताबाहेर गेलें तर श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम घसरतो, माणूस बेशुद्ध पडतो. घरोघर ज्याला ‘पित्त उठलें’ म्हणून सोडून दिलें जातें, त्यांत कधींकधीं हें प्रकरण दडलेलें असतें.

या प्रथिनाची अशी दुसरी बाजू उघडकीस आली ती भूमध्य समुद्राच्या कांठीं. युरोपच्या उत्तर भागांत सफरचंदानें किंवा पीचनें ज्यांच्या तोंडाला खाज सुटते, त्यांचें वावडें मुळांत बर्च वृक्षाच्या परागांशीं असतें. त्या प्रकारांतलें प्रथिन नाजुक असल्यामुळें फळ शिजवलें कीं त्रास बहुधा थांबतो. परंतु इटली व स्पेन या देशांत, जेथें बर्च फारसा नाहीं, तेथें पीचमुळें अधिक गंभीर त्रास होणारे रुग्ण आढळत. आणि शिजवलेल्या फळानेंही त्यांची सुटका होत नसे. १९९९ सालीं मिलान येथील पास्तोरेल्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पीचमधील मुख्य दोषी प्रथिन म्हणजे स्निग्धवाहक प्रथिनच होय असें सिद्ध केलें. फळाच्या गरापेक्षां सालींत तें कित्येक पटींनीं अधिक होतें. हें साहजिकच होतें. कारण पहारेकरी वेशीवरच असावयाचा.

पुढें याच कुळांतले भाऊबंद सफरचंद, द्राक्ष, टोमॅटो, कांदा, मका, गहूं, भुईमूग, सूर्यफूल यांतही सांपडले. त्यांची घडण एकमेकांशीं मिळतीजुळती असल्यामुळें एका पदार्थाचें वावडें असणाऱ्या कांहींना दुसऱ्याचाही त्रास होतो. गव्हाचें हें प्रथिन तर पिठाच्या धुळीबरोबर नाकावाटें जाऊन भट्टीवाल्यांना दमा आणतें, असें स्पेनमधील संशोधनांत दिसलें आहे. भुईमुगाविषयीं मात्र इतकें सांगितलें पाहिजे कीं, त्याच्या अति गंभीर वावड्यास पुष्कळ वेळां बियांत सांठविलेलीं दुसरीं प्रथिनें कारण असतात. सारा दोष या एकाच कुळावर लादणें न्यायाचें होणार नाहीं.

वांग्याचें प्रकरण

आतां मराठी स्वयंपाकघराकडे वळावें. वांगें खाल्लें कीं तोंडाला खाज सुटते, अंग खाजतें, अशी तक्रार महाराष्ट्रांत घरोघर ऐकूं येते. आणि कित्येकांना आजीच्या सांगण्यावरून वांगें वर्ज्य असतें. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणींत सातशेहून अधिक लोकांना विचारणा व तपासणी करण्यांत आली. सुमारें नऊ टक्के लोकांत वांग्याविषयीं कसली ना कसली प्रतिक्रिया आढळली. परंतु रक्तांतील आयजीई प्रतिद्रव्यानें सिद्ध होणारें खरें वावडें एक टक्क्याहूनही कमी जणांत निघालें. उरलेल्यांचा त्रास खोटा होता असें नव्हे. वांग्यांत हिस्टॅमिनसारखीं द्रव्यें मुळांतच असतात. तीं प्रतिद्रव्याच्या मध्यस्थीवांचूनही खाज उत्पन्न करूं शकतात.

त्याच संस्थेच्या संशोधकांनीं अलीकडच्या वर्षांत वांग्याच्या सालींतून स्निग्धवाहक प्रथिन वेगळें काढलें, आणि वांग्याचें खरें वावडें असणाऱ्यांच्या रक्तांतील प्रतिद्रव्य त्याला धरतें असें दाखविलें. पीचप्रमाणें येथेंही पहारेकरी सालींतच सांपडला. भरितासाठीं वांगें भाजून साल काढून टाकली जाते, भरल्या वांग्यांत ती तशीच राहते, ही गोष्ट या दृष्टीनें मनोरंजक आहे. परंतु यावरून खरें वावडें असणाऱ्यानें भरीत खाऊन पाहावें असा अर्थ कोणी काढूं नये. भाजल्यानें हें प्रथिन हमखास नष्ट होत नाहीं, गरांत इतर दोषी प्रथिनें असूं शकतात, आणि सुरीबरोबर सालीचा अंश गराला लागतोच.

वनस्पतीमुळें होणारा प्रत्येक त्रास याच मार्गानें होतो असेंही समजूं नये. गाजरगवत हें त्याचें महाराष्ट्रांतलें ठळक उदाहरण आहे. १९५० नंतरच्या दशकांत पुण्यांत प्रथम नोंदलें गेलेलें हें परदेशी तण पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें शेतकऱ्यांच्या हातांवर, मानेवर व चेहऱ्यावर जो चिवट त्वचारोग होतो, त्यास पार्थेनिन नांवाचें एक लहान रासायनिक द्रव्य कारण आहे. तेथें आयजीईचा संबंध नाहीं. त्याच गवताच्या परागांनीं होणारी सर्दी व दमा यांचें कारण मात्र एक प्रथिन आहे, आणि तें डिफेन्सिन नांवाच्या, वनस्पतींच्या बचावांत प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या एका कुळाशीं संबंधित आहे. तेव्हां वनस्पतीचें शस्त्र माणसाच्या अंगावर उलटावें, हा योग केवळ एका प्रथिनापुरता नाहीं.

एकाच वर्षांतले दोन उलट प्रयत्न

या दुहेरी स्वभावामुळें एक खरा पेंच उभा राहिला आहे, आणि तो २००६ सालच्या दोन घटनांवरून चांगला ध्यानांत येतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत प्राध्यापक भारत चट्टू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांद्याच्या बियांतील त्या प्रखर प्रथिनाचें जनुक भाताच्या रोपांत घातलें. तीं रोपें करपा, पर्णकोष करपा आणि जीवाणूमुळें होणारा करपा या तिन्ही रोगांना साध्या रोपांपेक्षां अधिक चांगलें तोंड देतात असें दिसलें. गव्हांतही असाच प्रयोग त्यांनीं केला, आणि भुरीसारख्या बुरशीविरुद्ध गहूं अधिक कणखर झाला. ज्या देशांत करप्यानें भाताचें उभें पीक हातचें जातें, तेथें या यशाचें मोल वेगळें सांगावयास नको.

त्याच वर्षीं जर्मनींतील संशोधकांनीं नेमकें उलटें काम प्रसिद्ध केलें. त्यांनीं टोमॅटोच्या रोपांत स्निग्धवाहक प्रथिनाचें जनुक गप्प केलें. फळांत तें प्रथिन अत्यल्प उरलें, आणि वावडें असणाऱ्यांच्या रक्ताची त्या फळांवरील प्रतिक्रिया पुष्कळ मंदावली. बडोद्यास पहारेकरी वाढविला गेला, जर्मनींत तो रजेवर पाठविला गेला. दोन्ही प्रयत्न आपापल्या जागीं शहाणपणाचे आहेत. परंतु एकाच ताटांत दोन्हींची वर्णी लावणें सोपें नाहीं.

अशा प्रसंगीं काय पाहावें याविषयीं जगानें कांहीं नियम घालून घेतले आहेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-आयोगाच्या २००३ सालच्या मार्गदर्शनांत, नवें जनुक घातलेल्या पिकाविषयीं विचारावयाचे प्रश्न सांगितले आहेत. नवें प्रथिन पूर्वीं ठाऊक असलेल्या दोषी प्रथिनांशीं मिळतें का? पेप्सिनपुढें तें टिकून राहतें का? स्निग्धवाहक प्रथिनें तर या दोन्ही प्रश्नांपुढें सहसा संशयित ठरावयाचीं. कारण टिकून राहणें हाच त्यांचा धर्म. ही भीति केवळ कागदी नाहीं. ब्राझील नट नांवाच्या कवचीफळांतलें एक पौष्टिक प्रथिन सोयाबीनमध्यें घातलें गेलें असतां तें वावडें उत्पन्न करणारें आहे असें १९९६ सालीं सिद्ध झालें, आणि तें सोयाबीन बाजारांत आणण्याचा विचारच सोडून देण्यांत आला. हें ब्राझील नटांतलें प्रथिन आणि स्निग्धवाहक प्रथिन हीं दोन्ही, शास्त्रज्ञांच्या वर्गवारींत, एकाच मोठ्या महाकुळाच्या शाखा आहेत. तपासणी वेळेवर झाली म्हणून अपघात टळला. तेव्हां अशा तपासणीला अडथळा न समजतां पिकाच्या सुधारणेचाच एक भाग समजणें हेंच हितावह आहे.

घरांत ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

या माहितीचा घरच्या व्यवहाराशीं संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहजच येईल. पहिली गोष्ट अशी कीं, भाज्या-फळांविषयीं धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. ज्यांना आजवर कसला त्रास झाला नाहीं, त्यांनीं साल टाकण्याचीही आवश्यकता नाहीं. सालींत पौष्टिक अंश पुष्कळ असतो. मुलाला एकदां खाज सुटली एवढ्यावरून वांगें, भुईमूग, गहूं असे एकेक पदार्थ ताटांतून काढीत गेलें, तर वावड्यापेक्षां कुपोषणाचें संकट मोठें व्हावयाचें. म्हैसूरची पाहणी हेंच सांगते कीं, तक्रार करणारे पुष्कळ असतात, खरें वावडें असणारे थोडे असतात, आणि त्यांतला भेद तर्कानें नव्हे, तपासणीनेंच ठरतो.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. ज्याला विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळांत गांधी उठतात, ओंठ सुजतात, धाप लागते किंवा चक्कर येते, त्यानें पित्ताचें निमित्त करून गप्प बसूं नये. त्यानें तज्ज्ञ डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. आतां रक्ताच्या चाचण्यांनीं वावडें कोणत्या पदार्थाचें एवढेंच नव्हे, तर त्या पदार्थांतील कोणत्या प्रथिनाचें आहे, हेंही पुष्कळदां सांगतां येतें. आणि हा भेद महत्त्वाचा आहे. कारण नाजुक प्रथिनाचें वावडें असेल तर शिजवणें उपयोगी पडतें, स्निग्धवाहक प्रथिनाचें असेल तर त्या उपायावर विसंबतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट या प्रथिनाच्या बाबतींत विशेष आहे. याचें वावडें असलेला माणूस दहा वेळां तोच पदार्थ सुखानें खातो, आणि अकराव्या वेळीं एकदम कोसळतो, असें घडतें. शोध केल्यावर दिसून येतें कीं, त्या दिवशीं खाण्याला दुसऱ्या कशाची तरी जोड मिळाली होती. जेवणानंतर लगेच जोराचा व्यायाम किंवा धांवपळ, ॲस्पिरिनच्या जातीची वेदनाशामक गोळी, मद्य, तापाचा आजार, या गोष्टी एरव्हीं सुप्त असलेल्या वावड्याला तोंड फोडतात. म्हणून डॉक्टरला काय खाल्लें एवढेंच न सांगतां, त्या आधीं व नंतर काय केलें आणि कोणतें औषध घेतलें, हेंही सांगणें अगत्याचें आहे.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावर प्राण अवलंबून असतात. श्वास कोंडणें, आवाज बसणें, अंग गार पडून शुद्ध हरपणें अशीं लक्षणें दिसूं लागलीं, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. अशा वेळीं खरें औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या स्नायूंत द्यावयाचें ॲड्रिनलिनचें इंजेक्शन. खाज थांबविणाऱ्या गोळ्या त्याची जागा घेऊं शकत नाहींत. रोग्याला निजवून, पाय थोडे उंच करून, तात्काळ रुग्णालयांत न्यावें. श्वास घेण्यास त्रास होत असेल तर त्याला बसतें ठेवावें, पण उठवून चालवूं नये.

वारणेकांठच्या उंसावरची ती पांढुरकी भुकटी, द्राक्षावरचा धूसर थर, वांग्याची चमक यांच्या मागें एक लहानसें, चार टांक्यांनीं शिवलेलें प्रथिन उभें आहे. त्याच्यांत दोष असा नाहीं. त्याच्यांत चिवटपणा आहे. तो चिवटपणा शेतांत पीक राखतो, आणि एखाद्याच्या पोटांत गेल्यावर तोच त्याला भोंवतो. म्हणून हें प्रथिन पिकांतून समूळ नाहींसें करावें असें म्हणणेंही बरोबर नाहीं, आणि बुरशीवर चांगलें म्हणून तें डोळे मिटून सर्वत्र पेरावें हेंही बरोबर नाहीं. पीक सुधारणाऱ्यानें खाणाऱ्याचा विचार करावा, आणि खाणाऱ्यानें आपल्या शरीराची नेमकी ओळख करून घ्यावी, इतकेंच हें प्रथिन शिकवितें.